वाऱ्यात लेकरांचे फोटो

बाहेर काढलेला लेकराचा फोटो मोबाइलवर छान दिसतो. तोच कॉम्प्युटरवर मोठा करून पाहिला की डोळे पुसट निघतात आणि खापर लेन्सवर फुटतं. नांदेड-लातूरकडे उघड्या रानात, गच्चीवर किंवा घाटावर काढलेल्या फोटोंत मात्र खरा गुन्हेगार बहुतेकदा वारा असतो, आणि तो लेन्स बदलून थांबत नाही. किती वाजता फोटो काढायचा आणि कुठे उभं राहायचं हे आधी ठरवलं, तर साध्या कॅमेऱ्यातूनही पापण्या मोजता येतील असा फोटो निघतो. सेटिंगचा नंबर त्यानंतर लागतो. बहुतेक जण हा क्रम उलटा धरतात.

वाऱ्याने कॅमेरा हलतो तो थोडा. मूल हलतं ते जास्त. चार-पाच वर्षांचं लेकरू वाऱ्यात उभं राहिलं की तोल सांभाळायला सारखं पुढे-मागे होत राहतं. त्याचं डोकं सेकंदाला वीस सेंटिमीटर वेगाने हलतंय असं धरू. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात उभ्या फोटोची उंची ६००० पिक्सेल असते. चौकटीत एक मीटर उंचीचा भाग मावला असेल, तर प्रत्यक्षातला एक मिलिमीटर म्हणजे फोटोतले सहा पिक्सेल. शटर १/१२५ ला असेल तर तेवढ्या वेळात डोकं १.६ मिलिमीटर सरकतं, म्हणजे जवळपास दहा पिक्सेल. पापण्या गेल्याच. १/५०० ला हे सरकणं अडीच पिक्सेलांच्या आत येतं, १/१००० ला सव्वा पिक्सेलावर. लेन्सवर व्हीआर, आयएस किंवा ओएसएस लिहिलेलं असतं त्या सोयीचा इथे उपयोग नाही. ती तुमचा हात स्थिर धरते, मुलाचं डोकं नाही.

दुसरी खोडी केसांची. ५० एमएम, एफ १.८ ही स्वस्तातली लेन्स बऱ्याच हौशी मंडळींकडे असते आणि ती घेतल्यापासून तिचं तोंड पूर्ण उघडं ठेवायची सवय लागते. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ही लेन्स लावून दीड मीटरवरून एफ १.८ ला फोटो काढला, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम साडेसहा सेंटिमीटरांचा असतो. फोकस धरल्यावर मूल वाऱ्याने तेवढं पुढे झुकलं की कान स्पष्ट आणि डोळे पुसट. कपाळावर उडालेल्या बटेवर फोकस बसला तर तीच गत. एफ ४ ला हा पट्टा चौदा सेंटिमीटरांच्या पुढे जातो. मागचं सगळं धूसर करण्याचा हट्ट वाऱ्यात सोडावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलाला मागच्या झाडापासून आठ-दहा पावलं पुढे आणलं तर एफ ४ लाही मागचं पुरेसं विरघळतं.

आता वेळ. रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवा जड होऊन बसते आणि पहाटे पान हलत नाही. ऊन वर येऊन जमीन तापली की हवा ढवळली जाते आणि वरचा वेगवान वारा खाली उतरतो. नऊ-दहापासून तो जाणवू लागतो, दुपारी सर्वांत जास्त असतो, मावळतीला पुन्हा पडतो. डिसेंबरात नांदेडला सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो, जूनमध्ये पावणेसहाच्या सुमारास. त्यापुढचा दीड-दोन तासांचा वेळ उजेडालाही चांगला आणि वाऱ्यालाही. लेकरं तेव्हा झोपेतून नुकती उठलेली असतात ही अडचण खरी, पण एक वाटी खाऊ घालून आणलेलं मूल सकाळी सात वाजता जितकं खुलतं तितकं दुपारी चारला खुलत नाही. पावसाळा याला अपवाद. आषाढातला वारा घड्याळ पाहत नाही. त्यात लातूर, औसा, उदगीर हा भाग बालाघाटच्या पठारावरचा. लातूर शहर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून उंच आहे आणि मोकळ्या माळावर वारा अडवायला काही नसतं.

वाऱ्याची दिशा ध्यानात ठेवली तर एक सोय आपोआप होते. जून ते सप्टेंबर आपल्याकडे वारा मुख्यतः पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो. दुपारनंतर सूर्यही पश्चिमेलाच. म्हणजे पावसाळ्यातल्या संध्याकाळी कुठल्याही उंच भिंतीच्या पूर्वेकडे उभं राहिलं की सावलीही मिळते आणि आडोसाही. हिवाळ्यात उलट. नोव्हेंबर ते जानेवारी वारा बहुधा पूर्व-ईशान्येचा आणि बेताचा असतो, सकाळचं ऊनही पूर्वेचं, तेव्हा भिंतीची पश्चिम बाजू धरायची. मार्च ते मे दिशेचा भरवसा नाही. दुपारी वावटळ कुठून उठेल सांगता येत नाही, म्हणून उन्हाळ्यात फक्त सकाळ.

आडोसा कसला घ्यायचा यातही फरक आहे. कोरी भिंत वारा अडवते, पण अडलेला वारा वरून उलटून पलीकडे भोवरा करतो आणि कोपऱ्याशी तर दुप्पट जोराने घुसतो. भिंतीचा आडोसा घेतलाच तर मधोमध थांबावं, कोपऱ्यापासून लांब. दोन घरांमधलं बोळ फोटोला सुरेख दिसतं, पण वाऱ्याच्या दिशेत असेल तर तिथे फुंकणीतून यावा तसा वारा येतो. त्यापेक्षा ज्यातून थोडा वारा झिरपतो असा आडोसा उत्तम: तुरीचं दाट रान, उसाचा फड, करवंदीची जाळी, कडब्याची गंज. असा आडोसा वाऱ्याचा जोर मोडतो आणि भोवराही फारसा करत नाही. त्याच्या उंचीच्या दोन ते पाच पट अंतरात हवा सर्वांत शांत असते. तूर सहा फूट उंच असेल तर तिच्यापासून बारा ते तीस फुटांत मूल बसवा. उसाच्या मात्र अगदी कडेला नको. पात्याने गाल कापतो आणि फडात काय दडलंय ते सांगता येत नाही.

ज्यांच्याकडे जुना वाडा आहे त्यांनी ढाळज विसरू नये. दाराच्या आतली ती छताखालची जागा, एका बाजूने उघडी, आत अंधार, समोरून अंगणाचा उजेड. मुलाला उंबऱ्यापासून हातभर आत, तोंड अंगणाकडे करून बसवलं की चेहऱ्यावर एकसारखा मऊ उजेड पडतो, दोन्ही डोळ्यांत अंगण चमकतं आणि वारा लागत नाही. शहरात हे काम जिन्याखालचं पार्किंग करतं. दिसायला ते तितकं देखणं नाही, पण चौकटीत पार्किंग येऊ द्यायचं की नाही हे आपल्याच हातात असतं.

लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या काही भागांत वेळ अमावस्येला, म्हणजे आपल्या येळवशीला, अख्खं घर रानात जातं. आंबील, भज्जी, उंडे, गोतावळा आणि नवे कपडे घातलेली पोरं. वर्षातले निम्मे कौटुंबिक फोटो त्या एका दिवशी निघतात आणि त्यातले बरेचसे बांधावर, भर वाऱ्यात, सूर्याकडे तोंड करून. वास्तविक त्या दिवशी रानात फोटोसाठी सर्वांत चांगली जागा तयार केलेलीच असते: पूजेसाठी उभी केलेली कडब्याची कोप. वारा तिच्यातून गाळून येतो. कडबा फिकट पिवळा असल्याने सावलीतही चेहऱ्यावर उबदार उजेड उसळतो. मार्गशीर्षाच्या अखेरीस इकडे भर दुपारी बारालाही सूर्य डोक्यावर नसतो. क्षितिजापासून अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास अंशांपर्यंतच चढतो, त्यामुळे कोपीच्या तोंडाशी चांगली सावली मिळते. पूजा आटोपली, पंगत उठली की लेकराला तिथे घोंगडीवर बसवा आणि तुम्ही बाहेर गुडघ्यावर बसा. जमिनीलगत वाऱ्याचा वेग तसाही कमी असतो. बसलेलं मूल उभ्या मुलापेक्षा कमी हलतं आणि बसलेला फोटोग्राफरसुद्धा.

कोप नसेल तेव्हा आपल्या काळ्या जमिनीचा विचार करावा लागतो. ती उजेड गिळते. वाळूवर किंवा फरशीवर खालून जो उजेड परत हनुवटीखाली, डोळ्यांच्या खोबणीत येतो तो काळ्या रानात येत नाही आणि डोळे अंधारात राहतात. बाजारातला गोल रिफ्लेक्टर वाऱ्यात शिडासारखा उडतो. त्याऐवजी धुतलेलं धोतर किंवा पांढरी चादर मुलासमोर जमिनीवर अंथरून चार ढेकळं ठेवा. काम तेच होतं. सोयाबीनच्या वाळल्या भुसाच्या ढिगाजवळ बसवलं तर चादरही लागत नाही.

नांदेडकरांना घाटाचा मोह असतो. गोवर्धन घाट, नगिना घाट, नाहीतर विष्णुपुरीचं पाणी मागे हवं असतं. गोदावरी इथे साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते, म्हणजे पावसाळी वारा नदीच्या पात्रातूनच पळत येतो आणि पाण्यावर त्याला अडवणारं काही नसतं. घाटावर जायचं तर हिवाळ्यातल्या सकाळी जा. पाण्याकडे पाठ केलेल्या मुलाच्या शेजारी एक मोठं माणूस चौकटीबाहेर हाताच्या अंतरावर हवंच. कंधार, औसा, उदगीर या किल्ल्यांचे तट आडोशाला आणि सावलीला उत्कृष्ट आहेत, पण तटाच्या पायथ्याशी. वर चढवून फोटो काढायचा विचार करू नका. वर वारा आणि खाली खंदक.

मोकळ्या रानातच फोटो हवा असेल तर वाऱ्याचा स्वभाव ओळखावा. तो सारखा वाहत नाही, झोताझोताने येतो. उभी ज्वारी हे दाखवून देते. कणसांवरून लाट धावत येताना दिसते. ताशी १८ किलोमीटरचा वारा सेकंदाला पाच मीटर चालतो, म्हणजे पन्नास मीटरांवर ज्वारी झुकली की झोत तुमच्यापर्यंत पोचायला दहा सेकंद असतात. त्या दहा सेकंदांत फोटो काढा, झोत जाऊ द्या, पुन्हा थांबा. लिंबाची पानं आणि बारीक डहाळ्या नुसत्या हलत असतील तर वारा ताशी बारा ते एकोणीस किलोमीटरांत असतो आणि काम करता येतं. रस्त्यावरचा धुरळा आणि कागद उडू लागले की तो विसाच्या वर गेला. लहान झाडं बुंध्यापासून डोलू लागली तर कॅमेरा पिशवीत घाला.

सेटिंगचं फार गूढ नाही. शटर प्रायॉरिटी किंवा मॅन्युअल घ्या. बसलेल्या मुलाला १/५००, उभ्याला १/८०० ते १/१०००, पळणाऱ्याला १/२०००. पळणारं लेकरू सेकंदाला तीन मीटर सहज जातं आणि १/५०० ला ते सहा मिलिमीटर पुढे गेलेलं असतं. अॅपर्चर एफ ४, एकाहून जास्त मुलं असतील तर एफ ५.६. राहिला आयएसओ. स्वच्छ उन्हात एफ ४ ला १/१६०० साठी आयएसओ १०० पुरतो. ढगाळ दिवशी १/८०० साठी २०० लागतो, मोकळ्या सावलीत साधारण ४००, ढाळजेत ८०० ते १६००. आयएसओ वाढवायला लोक घाबरतात. दाणेदार फोटो निवळता येतो, हललेला फोटो निवळत नाही.

फोकस सतत पाठलाग करणारा ठेवा. कॅननवर त्याला एआय सर्व्हो म्हणतात, निकॉन आणि सोनीवर एएफ-सी. डोळा ओळखण्याची सोय असेल तर चालू करा, नसेल तर एकच बिंदू निवडून कॅमेऱ्याजवळच्या डोळ्यावर ठेवा. एका वेळी तीन-चार फोटोंची सर सोडा; तीसची नको, नंतर निवडताना जीव जातो. लांब लेन्सचा हूड जोराच्या वाऱ्यात कॅमेरा हलवतो, पण धुळीपासून काचेला वाचवतोही. भिंतीच्या आडोशाला असाल तर लावा, उघड्यावर काढा.

मोबाइलवर अडचण वेगळी आहे. फोन स्वतःच शटर ठरवतो आणि उजेड जरा कमी झाला की गुपचूप १/६० वर येतो. वर तो अनेक फोटो एकत्र करून एक बनवतो, त्यामुळे उडणाऱ्या केसांची भुतं दिसतात. उपाय एकच: भरपूर उजेड. खोल सावलीत जाऊ नका, सावलीच्या कडेला या. प्रो मोड असेल तर शटर १/५०० ठेवा. दुप्पट झूमवर काढा, म्हणजे नाक मोठं दिसत नाही. मागचं धूसर करणारा पोर्ट्रेट मोड वाऱ्यात बंद ठेवा, कारण त्याला उडता केस आणि मागचं आभाळ यांतला फरक कळत नाही आणि कानाजवळ कातरल्यासारखं दिसतं. ब्यूटी फिल्टर तर नेहमीच बंद असावा. चार वर्षांच्या पोराच्या गालावर दुरुस्त करण्यासारखं काय असतं? आणि काढण्याआधी लेन्स पुसा. मोबाइलचा फोटो पुसट येण्याचं मळकी लेन्स हे पहिलं कारण असतं, वारा दुसरं.

मुलाचं तोंड वाऱ्याकडे सरळ नको. डोळे मिचकतात, पाणी येतं, काजळ गालावर उतरतं. पाठ वाऱ्याकडे केली तर केस तोंडावर येतात. वारा गालावर तिरका घेतला की केस मागे उडतात आणि फोटोत जिवंतपणाही येतो. केस थोडे उडू द्यावेत. सगळा फोटो दगडासारखा थिजवायचा नसतो. डोळे स्पष्ट असले की ओढणी, परकर, बटा कितीही हलोत. मुलीच्या दोन वेण्या घातल्या की निम्मा प्रश्न मिटतो. जावळ काढण्याआधीचा फोटो हवा असेल तर केसांना बोटभर खोबरेल लावा, त्याहून जास्त नको, चकाकतं. डोळ्यांसाठी एक युक्ती: "डोळे मीट, मी तीन म्हटलं की उघड." उघडल्या उघडल्या दोन सेकंद डोळे पूर्ण मोठे असतात. लेकराला तो खेळ वाटतो.

नागपंचमीचा झोका आणि श्रावणातला वारा एकत्र आले की लोक झोका खाली येताना फोटो काढतात. तिथेच वेग सर्वांत जास्त असतो. झोका मीटरभर वर चढत असेल तर तळाशी तो सेकंदाला चार मीटरांहून वेगाने जातो. वरच्या टोकाला मात्र तो क्षणभर थांबतो. फोकस तिथे आधीच धरून ठेवा. पोरीच्या चेहऱ्यावरचा आनंदही त्याच टोकाला असतो.

संक्रांतीनंतरचं बोरन्हाण बऱ्याच घरी गच्चीवर होतं. मूल काळ्या कपड्यांत, वर हलव्याचे दागिने. ऑटोवरचा कॅमेरा चौकटभर काळं पाहून फसतो, उजेड कमी आहे असं समजून शटर मंद करतो आणि एकाच फटक्यात हलव्याचे दाणे पांढरेफटक आणि चेहरा हललेला. एक्सपोजर दोन-तृतीयांशाने खाली आणा. पाट गच्चीच्या मधोमध मांडू नका. वाऱ्याच्या बाजूच्या कठड्याला लागून मांडा, कठडा तीन फुटांचा असला तरी बसलेल्या लेकराला पुरतो. चुरमुरेही मग लेकराच्या डोक्यावरच पडतात, शेजारच्या गच्चीवर जात नाहीत.

उन्हाळ्यात फुफाट्यात लेन्स बदलू नका. काचेवर धूळ बसली तर आधी रबरी पंपाने उडवा, मग कापड. खडा राहिला तर कापडच काच ओरखडतं. लेकराच्या डोळ्यात धूळ गेली तर चोळू देऊ नका, स्वच्छ पाण्याने धुवा आणि त्या दिवसापुरता फोटो सोडून द्या.

एप्रिल-मेमध्ये आणि परतीच्या पावसात, वारा एकदम थंड होऊन आभाळ काळं झालं की नाट्यमय उजेड मिळतो, खरंच मिळतो. पण वीज पडून दगावणाऱ्यांच्या बातम्या मराठवाड्यात दरवर्षी येतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' हे अॅप आसपास वीज पडण्याची शक्यता असेल तर इशारा देतं. ते फोनमध्ये ठेवा, आणि गडगडाट ऐकू आला की एकट्या झाडाखाली न थांबता लेकराला घेऊन पक्क्या घरात जा.

फोटो तपासायचा तो जागेवरच, मुलाचे कपडे बदलण्याआधी. डोळ्यावर मोठा करून पाहा. घरी आल्यावर मात्र स्क्रीनवर दुपटीने मोठा करून नाकं मुरडू नका. आठ बाय बारा इंची उत्तम प्रिंटला २४०० बाय ३६०० पिक्सेल पुरतात. २४ मेगापिक्सेलच्या फोटोत दोन-अडीच पिक्सेलांची हालचाल असली तरी त्या प्रिंटवर ती दीड पिक्सेलांच्या आत येते आणि हातात धरून पाहणाऱ्याला दिसत नाही. डिलीट करण्याआधी एक प्रिंट काढून पाहा.